नानांची इटली

नानांचं एक तत्त्व आहे : जे घराजवळ मिळतं, त्यासाठी लांब जाऊ नये. निवृत्तीनंतर पुण्याहून नोएडाला लेकाकडे आल्यावर त्यांनी हे तत्त्व भाजीला, चष्म्याला आणि दातांच्या कवळीला लावून पाहिलं होतं. काकूंनी इटलीच्या सहलीचं पत्रक पुढे केलं, तेव्हा त्यांनी ते इटलीलाही लावलं.

"अगं, तिथे असतं काय? म्युझियमं आणि चर्चं. दोन्ही इथं मेट्रोवर आहेत."

मंगळवार ठरला, सोमवारी संग्रहालयं बंद आणि रविवारी चर्चांत गर्दी. काकूंनी डब्यात थालीपीठं घेतली. नानांनी खिशात कागद घेतला : डावीकडे इटली, उजवीकडे दिल्ली, मधे रेघ.

राष्ट्रीय संग्रहालयात ते थेट मोहेंजोदडोच्या नर्तकीपुढे गेले. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. मायकेलअँजेलोचा डेव्हिड सतरा फुटी, म्हणजे आकडा विरोधात जात होता. पण नाना डगमगणारे नव्हेत. "ही त्याच्याहून चारेक हजार वर्षांनी मोठी. मान वयाला असतो, उंचीला नाही." डेव्हिडवर काट बसली. कमरेवर हात ठेवून उभ्या त्या पोरीचा तोरा काकू वाकून बघत होत्या, तोवर नाना दाराशी पोचले होते.

जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलच्या 'तीन मुली' या १९३५ च्या चित्रासमोर काकू बाकावर बसल्याच. नानांनी तेवढ्यात माहिती मिळवली : आईने अमृताला लहानपणी फ्लॉरेन्सला शिकायला नेलं होतं, पण ती थोड्याच दिवसांत परत आली.

"बघ! तीसुद्धा परत आली. आणि मोनालिसा पॅरिसला आहे. इटलीला जाणारे नेमकं बघतात काय?"

संसदेजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन वास्तुविशारद हेन्री मेडने बांधलं, ते व्हेनिसमधल्या पल्लाडिओच्या चर्चवरून स्फूर्ती घेऊन. नाना खूश. "व्हेनिस झालं. पाय न भिजवता."

"पावसाळ्यात मिंटो ब्रिजखाली या, तेही होईल," काकू म्हणाल्या.

गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रलही मेडचंच, इटालियन धाटणीचं. नानांनी ते रोम म्हणून रिक्षातूनच उरकलं. एका ठेकेदाराची दोन कामं बघायची कशाला?

काश्मिरी गेटच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मात्र नाना खिळले. कर्नल जेम्स स्किनर १८०० साली उणियाराच्या लढाईत जबर जखमी होऊन रणात पडला होता. वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस तो तिथेच बोलला आणि १८३६ मध्ये या चर्चचं अर्पण झालं. वेदीपुढे आज तो स्वतःच विसावला आहे. एवढं ऐकून नाना पुढच्या स्थळाकडे निघालेच होते. पण लढाईच्या वेळी स्किनर शिंद्यांच्या चाकरीत होता हे कळलं आणि त्यांचा आवाज घुमटाला लागला.

"म्हणजे जखम आपल्या नोकरीतली! नवस तिथला! मग चर्च कुणाचं?"

रखवालदाराला हिंदीत शिंदे कोण ते समजावून देण्यात बराच वेळ गेला. त्याने मान डोलावली आणि फाटक बंद करायची वेळ झाल्याचं सांगितलं. निघताना नानांनी घुमटाकडे बोट दाखवून कागदावर फ्लॉरेन्स काटलं.

मेट्रोच्या जिन्याशी थालीपीठं निघाली. नाना तृप्त होते. "रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स. एका दिवसात, मेट्रोच्या भाड्यात."

"म्हणजे तुमची इटली पाहून झाली ना?" काकूंनी लोणचं वाढत विचारलं.

"संपूर्ण!"

"छान. मग मी आणि माझी बहीण जाऊन येतो. तुम्ही पाहिलेलीच आहे, तेव्हा तुमच्या तिकिटाचे पैसे वाचले."

नानांनी कागद उलटा केला आणि बराच वेळ हिशेब तपासला. चूक सापडली नाही.