हिंदूरावचा खांब आणि अदिश रिक्षावाला

दिल्लीत रस्ता विचारला की उत्तर एकच मिळतं : "बस, सीधे चले जाइए." समोर भिंत असो, नाला असो की कुणाच्या लग्नाचा मांडव. वस्तूला बाहेरून बल लागेपर्यंत ती सरळ रेषेत जात राहते, हे सांगायला न्यूटनला १६८७ साली पुस्तक काढावं लागलं. दिल्लीकराला ते जन्मतःच ठाऊक असतं, आणि बाहेरचं बल पुरवायला रस्त्यात बॅटरी रिक्षा असतातच.

करोलबागेतल्या ताईची मुलगी अकरावीत आहे. एकरेषीय गती आणि सदिश या दोन धड्यांनी तिला जेरीस आणलं होतं. पुस्तकातली गाडी क्ष-अक्षावरून निघते, वाटेत चहाला थांबत नाही, कुणाला धडकत नाही. असल्या गाडीवर पोरांचा विश्वास बसणार कसा? ताई म्हणाली, "हिला जरा बाहेर ने रे." मी म्हटलं, चला हिंदूराव इस्पितळाकडे. आपल्या कागलच्या घाटग्यांचं नाव दिल्लीत रोज हजारो तोंडी असतं, ते बघू तरी.

"हिंदूराव? अस्पताल या बाड़ा?" रिक्षावाल्याने विचारलं.

"अस्पताल."

"समझ गया," म्हणत त्याने आम्हाला थेट बाडा हिंदूरावच्या बाजारात, हातगाड्यांच्या गर्दीत नेऊन उभं केलं. "मामा," भाची म्हणाली, "यांनी परिमाण घेतलं, दिशा सोडून दिली. हा अदिश माणूस आहे." धडा डोक्यात शिरायला लागला होता तर! उलट फिरून, चढ चढून अखेर इस्पितळाशी पोचलो. मी म्हटलं, भाडं विस्थापनाचं देतो, म्हणजे घर ते इस्पितळ, सरळ रेषेत. तो शांतपणे म्हणाला, "साहब, बैटरी तो दूरी से खर्च होती है." भौतिकशास्त्र त्याच्या बाजूचं होतं. पैसे मोजले.

इस्पितळ झालेलं हे घर आधी विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं. १८३५ साली त्याचा खून झाला आणि पुढे ते हिंदूराव घाटग्यांनी घेतलं. हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं तेव्हा हिंदूरावांचीही पाळंमुळं हलली. भाचीला म्हटलं, काढ कागल ते इथलं विस्थापन. फोनवरच्या नकाशात बघून तिने दोन घटक पाडले : उत्तरेला सुमारे १३४० किलोमीटर, पूर्वेला सुमारे ३००. मी लगेच १६४० म्हणून मोकळा झालो. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं, वर्गांची बेरीज करून मूळ काढलं आणि १३७३ सांगितलं. पुढे १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात याच घरात इंग्रजांची आघाडीची चौकी होती आणि शहराच्या तटावरून तोफा हिच्यावर आग ओकत होत्या. तोफगोळ्याला एकरेषीय गती माहीत नसते. आडवा वेग वेगळा, उभा वेगळा. पण तो पुढचा धडा.

खरा धडा जवळच रिजच्या टेकडीवर उभा आहे : अशोकाचा स्तंभ. त्यावरची पाटी वाचावी आणि क्रमिक पुस्तकं मिटावीत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मेरठला उभारला. १३५६ साली सुलतान फिरोजशहाने उचलून इथल्या शिकारी महालात आणला. १७१३ ते १७१९ च्या दरम्यान दारूगोळ्याच्या स्फोटात पाच तुकडे झाले. मग लेख कोरलेला भाग कापून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे धाडला, तो १८६६ साली परत आला आणि १८६७ साली खांब पुन्हा उभा राहिला. कलकत्ता जाऊन-येऊन निदान २६०० किलोमीटर. निव्वळ विस्थापन विचाराल तर जुन्या जागेपासून थोडंसं. सरकारी फाइलीचा प्रवासही याहून वेगळा नसतो.

भाचीने सरासरी वेगही काढला. मेरठ ते इथे सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर, काळ १६०० वर्षं. दिवसाला जेमतेम १० सेंटीमीटर! "पण मामा, तो तर जवळजवळ सगळा वेळ उभाच होता." बरोबर. सरासरी वेग आणि तात्क्षणिक वेग यांतला फरक मला शाळेत कुणी इतका स्वच्छ दाखवला नव्हता; आमच्या सरांकडे खांब नव्हता, छडी होती.

इस्पितळाच्या आवारात पीर गायबही आहे, फिरोजशहाच्याच काळातली इमारत. इथून एक पीर अचानक दिसेनासे झाले अशी आख्यायिका. भाचीने वहीत लिहिलं : परिमाण अज्ञात, दिशा अज्ञात. पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

जाणार असाल तर पुलबंगश मेट्रोला उतरा, रिक्षावाल्याला 'अस्पताल' दोनदा सांगा, आणि हातात खाऊ ठेवू नका. रिजवर माकडं आहेत, आणि त्यांना दिशा अचूक कळते.