साडूंचे थर

उन्हाळ्यात आमच्या साडूंकडे जायचं असेल तर रुमाल दोन न्यावेत. पंखा आहे, नादुरुस्तही नाही, पण लावायची परवानगी नाही. जेवणाच्या टेबलावरच्या हिरव्या कटिंग मॅटवर मारियोचे सुटे अवयव पसरलेले असतात, आणि त्यांत मिशी वजनाला सगळ्यांत हलकी. एकदा सासूबाईंनी सवयीने बटण दाबलं, तर मारियोची टोपी आमटीत आणि डावा बूट देव्हाऱ्यात. तेव्हापासून त्या घरात पाहुण्याला पाण्याबरोबर पुठ्ठ्याचा तुकडा मिळतो. वारा घ्यायला. तोही टेबलाकडे पाठ करून घ्यायचा.

माणूस तसा बँकेत अधिकारी, पन्नाशीला टेकलेला, चेहऱ्यावर कायम मार्चअखेर. पण नव्वदच्या दशकात ज्यांनी ‘9999 इन 1’ लिहिलेल्या कार्ट्रिजमध्ये फुंकर मारून टीव्हीपुढे सुट्ट्या काढल्या, त्यांतले हे. त्या 9999 मध्ये खरे खेळ जेमतेम दहा-बारा, बाकी तेच पुन्हा; ही जगातली पहिली फसवणूक साडूंनी पाहिली आणि त्यामुळेच बँकेत गेले, असं मेव्हणी म्हणते. मारियोची राजकन्या त्यांना कधीच सोडवता आली नाही. शेवटच्या जगात जाऊन दरवेळी मेले. आता तेच सगळं कागदात चाललंय.

हे काम म्हणजे नुसतं चित्र कापून चिकटवणं असं समजून कोणी बोललं, तर साडू चष्मा काढतात. हे लक्षण वाईट. प्रत्येक रंगाचा कागद वेगळा. सगळ्यांत खाली काळी अखंड आकृती, तिच्यावर निळी डंगरी, मग हात, चेहरा, मिशी, टोपी आणि सर्वांत वर नाक. प्रत्येक दोन थरांमध्ये दुहेरी फोम टेपचे चौकोन, म्हणजे थर उचलला जातो आणि खालच्यावर सावली पडते. सगळा जीव त्या सावलीत. कापताना आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी, नाहीतर धरायला कागदच उरत नाही. गोलाईवर कटर जागचा हलवायचा नाही, कागद फिरवायचा. “माणसंही अशीच फिरवतात, स्वतः हलत नाहीत,” इति मेव्हणी.

मिशीचा इतिहास तर गॅस सिलिंडरवाल्यालाही ऐकावा लागलाय. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारियो पहिल्यांदा आला तेव्हा शिगेरू मियामोतोंच्या हाताशी चौकोनी ठिपके मोजकेच. त्यात तोंड काढणं जमेना म्हणून मिशी, केस जमेनात म्हणून टोपी. “म्हणजे जागा नव्हती म्हणून मिशी आली!” साडू विजयी मुद्रेने सांगतात. हे आमच्या सासऱ्यांच्या मिशीसमोर सांगायची गरज नव्हती.

एका रविवारी मारियोचा डोळा हरवला. डोळा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा काळा कागद. सगळं घर गुडघ्यांवर. झाडू बंद, चालणं बंद, शिंकणं तर अजिबात बंद. दुधवाल्याला दारातूनच परत पाठवलं. मी सोफ्याखालून एक रुपया, दोन शेंगदाणे आणि हरवलेला रिमोट काढला, त्याचं कौतुक शून्य. दीड तासाने डोळा सापडला तो साडूंच्याच कोपराला चिकटलेला. त्यांनी तो चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, “हा उजवा आहे.”

लग्नपत्रिका हा तर वेगळाच विषय. यांच्या हातात पत्रिका पडली की नाव, मुहूर्त, कार्यालय काही वाचायचं नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची आणि निकाल द्यायचा: “तीनशे जीएसएम.” खरेदी म्हणून रविवार पेठेत बोहरी आळीला जातात, तासभर कागदांवर हात फिरवतात आणि फोम टेप घेऊन परत येतात. कागद पत्रिकांचा. माझ्या पुतणीच्या लग्नाला ते आले नाहीत, पण तिची पत्रिका आज मारियोची टोपी म्हणून भिंतीवर आहे. टोपी उलटी केली तर ‘आपला आहेर हाच आपला आशीर्वाद’ वाचता येतं.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि सोसायटीच्या गणपतीचं मखर आपोआप साडूंकडे आलं. मखर झालं देखणं, यात वाद नाही. सात थरांचे डोंगर, मागे ढग, पुढे झुडपं, मधे बाप्पा. फक्त सेक्रेटरींनी विचारलं, “ढग आणि झुडूप एकाच आकाराचं कसं?” साडू याचीच वाट बघत होते. 1985 च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’मध्ये ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला, सगळा खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवायचा तर दुसरं काय करणार? आरती वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. पुढच्या वर्षी समितीने फुलांचं मखर केलं.

मुलगा इंजिनियरिंगला आहे. त्याने कापायचं यंत्र सुचवून पाहिलं. त्यावर घरात जे मौन पसरलं ते तीन दिवस टिकलं. मग त्याने दुसरा प्रयत्न केला. “बाबा, 2000 साली ‘पेपर मारियो’ नावाचा गेम आला. त्यात मारियो कागदाचाच आहे.”

साडूंनी कटर खाली ठेवला. घरातल्या सगळ्यांना वाटलं, हा क्षण बाप-लेकांच्या मीलनाचा.

“थर किती?”

“एकच. चपटा आहे.”

“मग जाऊ दे.” आणि कटर उचलला.

सध्या पॅक-मॅन काढलाय. पिवळ्याची सोय हळदीकुंकवाच्या आमंत्रणांतून झाली, चार भुतांपैकी लाल, गुलाबी आणि नारिंगीही जमली. आकाशीसाठी एका बारशाकडे डोळे लावून बसलेत. अडलंय ते मागच्या काळ्या थरावर. मारियोची काळी आकृती बुटांच्या खोक्यातून निघाली, पण एवढा मोठा खोका कुठला? विकतच्या कागदाला दम नसतो म्हणे, आणि काळी पत्रिका आपल्याकडे कोण छापणार? तेव्हा तुमच्यापैकी कोणी काळ्या रंगाची पत्रिका छापायचं धाडस करणार असेल, तर एक प्रत साडूंना जरूर पाठवा. लग्नाला ते येणार नाहीत, त्यामुळे जेवणाचं पान धरू नका. कागद मात्र अडीचशे जीएसएमच्या खाली नको.