मिस्त्रीदा आणि त्याची निदानपद्धती

कलकत्त्याच्या ट्रकदुरुस्तीत ज्याला ‘मिस्त्रीदा’ अशी हाक मारली जाते, त्या वर्गाचे पहिले लक्षण असे की, बॉनेट उघडण्यापूर्वीच त्याचे निदान तयार असते. नाशिकचा कांदा पोस्ता बाजारात उतरवून रिकामा झालेला, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेला आणि ज्याच्या किलोमीटरच्या काट्याने काही लाखांनंतर मौन धारण केले आहे असा ट्रक त्याच्यापुढे उभा करावा, ‘पाणी कमी होतंय’ एवढेच म्हणावे, की तो गाडीकडे न पाहता ‘हेड गॅस्केट’ असा निकाल देतो. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेले पातळ अस्तर. ते फाटले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो, कधी पाणी तेलात उतरते, आणि हेड उतरवण्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मालकाच्या तोंडचे पाणी पळते. निकाल बहुधा चुकीचा आहे हे मिस्त्रीदाला स्वतःलाही ठाऊक असते, परंतु मालकाच्या मनाची सर्वांत मोठ्या खर्चासाठी मशागत करून ठेवली की पुढे निघणारा कोणताही आकडा त्याला सवलतच वाटतो, हे व्यवसायाचे मर्म तो उमेदवारीतच शिकलेला असतो.

निकालानंतर चहा येतो, आणि वरवर पाहणाऱ्याची फसगत होते ती येथे. मातीच्या भांड्यातला तो चहा तासभर चालतो, त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची गुणावगुणचर्चा होते, इलिश माशाच्या भावावर हळहळ व्यक्त केली जाते, आणि परगावचा ड्रायव्हर मनातल्या मनात खाड्याचा हिशेब करू लागतो. वस्तुतः हा तास म्हणजे तपासणीचा पहिला टप्पा होय. कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे इंजिन थंड राखणारे मिश्रण, रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंगमुळे दाबाखाली राहते आणि त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनावर ते झाकण फिरवले तर दाब एकदम सुटून उकळता द्रव फिरवणाऱ्याच्या तोंडावर येतो. घाईत झाकण उघडणारे या धंद्यात ओळखू येतात, त्यांच्या हातांवरून. मिस्त्रीदाचे हात शाबूत असतात, ते चहामुळे.

गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे दिसली तर चहाला इतिहासाची जोड मिळते. भोसल्यांच्या घोडेस्वारांना बंगालने ‘बर्गी’ म्हटले, त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला, तो अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून सर्क्युलर रोडच्या कामी आला. त्याच सर्क्युलर रोडच्या दक्षिण भागावर, म्हणजे आजच्या आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर, जुन्या सुट्या भागांचा मल्लिकबाजार आहे. १७५१ च्या तहाने नागपूरकर भोसल्यांना दरसाल बारा लाख रुपये चौथाई ठरली होती, ही गोष्ट मिस्त्रीदा कुत्सितपणे नव्हे, तर जुन्या येण्याची आठवण करून द्यावी अशा सुरात सांगतो.

इंजिन निवाले की तो उठतो आणि हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरतो. गळती तपासण्याचे अधिकृत साधन म्हणजे झाकणाच्या जागी बसवायचा काटा असलेला हातपंप. त्याने दाब भरावा, काटा उतरला तर पाणी कुठेतरी निसटते आहे असे समजावे. हा पंप त्याच्याकडे असतो. सतरा सप्टेंबरच्या सुमारास येणाऱ्या विश्वकर्मा पूजेला तो देवापुढे मांडून त्याला हार घातला जातो, आणि एरवी गिऱ्हाईक जेवायला गेले असता वापरला जातो. गिऱ्हाइकासमोर नाक आणि बोटे हीच उपकरणे. ग्लायकॉलचा गोडसर वास, होज पाइपच्या क्लिपेखाली वाळून बसलेला पांढरट-हिरवा थर, थेंब जेथे पडतो तेथे नव्हे तर त्याच्या वर आणि पुढे शोधायचे (कारण पंख्याचा वारा पाणी मागे फेकतो) असा नियम, हे सारे तो एकही प्रश्न न विचारता उरकतो. बोलता बोलता डिपस्टिक ओढून तेल दुधाळ झालेले नाही हे पाहतो, झाकण काढून इंजिन सुरू करायला लावतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत नाहीत हेही पाहून घेतो. येथे त्याचे मूळ निदान मरण पावते. सुतक मात्र पाळले जात नाही.

जुन्या गाडीचे खरे दुखणे बहुधा मागल्या मालकाच्या कर्तृत्वात दडलेले असते. रेडिएटरच्या तळाशी पिवळा गाळ निघाला तर कोणीतरी गळती बुजवण्यासाठी हळद टाकली होती हे उघड होते. हा तोडगा भारतभर चालतो, भुकटी छिद्रात जाऊन बसते, पण तशीच ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. गाडी महाराष्ट्राची असल्यास हळद सांगलीची असावी, असा शेरा मारला जातो. याहून मोठा पराक्रम वॉटर पंपाखाली सापडतो. तेथे सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये कारखान्यानेच एक लहानसे भोक ठेवलेले असते, जेणेकरून सील झिजल्यावर पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर ठिबकावे आणि ड्रायव्हरला वेळेवर कळावे. मागल्या मालकाने ते लांबी भरून बुजवलेले असते. मिस्त्रीदा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लांबी उकरतो, तांबूस पाण्याची धार त्याच्या मनगटावर येते, आणि जमलेल्या मंडळींकडे तो असा पाहतो की जणू ही धार त्यानेच तेथे ठेवली होती.

आता निकालात दुरुस्ती होते, ती माघार म्हणून नव्हे. ‘गॅस्केट पुढच्या खेपेला,’ असे सांगून तो पोऱ्याला पंपाचा सील आणि बेअरिंग आणायला मल्लिकबाजारला पिटाळतो. सामानाची किंमत चिठ्ठीवर येते. मजुरीबद्दल मात्र ‘जे योग्य वाटेल ते द्या, दादा’ एवढेच म्हटले जाते, आणि मालकाने पुढे केलेल्या नोटा न मोजता तो मान किंचित तिरकी करतो. या तिरकेपणाचा दर सहसा आणखी दोनशे रुपये असतो.