गुरुजी, जरा पाणी वाढवू?

कोकणात सपाट जागा देवाने दिलेली नसते, ती कुणीतरी करून ठेवलेली असते. कुणा खापरपणजोबाने डोंगर उकरून घरापुरती सपाटी काढली, मागे उरलेल्या उभ्या दरडीला जांभ्याचा गडगा लावला आणि ‘पुढचं पोरं बघतील’ म्हणून देह ठेवला. आमच्या परसातला गडगा त्याच पठडीतला. दगडावर दगड, मध्ये ना माती ना चुना. दर एक-दोन पावसाळ्यांनी त्याचा एखादा भाग परसात येऊन बसायचा आणि गणपतीच्या आधी परत रचला जायचा. पिढ्यान्‌पिढ्या ही व्यवस्था उत्तम चालली होती. मग रचणारी माणसं मुंबईला गेली. ढासळणारा गडगा तेवढा गावात राहिला.

तेव्हा काँक्रीटची भिंत घालायचं ठरलं. पाच फूट उंच, घराच्या लांबीएवढी. पुण्यातला पुतण्या सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने नकाशा पाठवला. मिस्त्रीने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही कायपन काळजी करू नका.” मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे. प्रश्नपत्रिकेची घडी घालून खिशात ठेवणारा मुलगा पुढे काय दिवे लावतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

नकाशातली भिंत नुसती उभी नव्हती. तिला मागच्या बाजूला, मातीच्या खाली पसरलेला रुंद तळवा होता. दरडीची माती भिंतीला पुढे ढकलते. पण तीच माती तळव्यावर चढून बसली की तिच्याच वजनाने भिंत जागच्या जागी राहते. म्हणजे जो विरोधात आहे त्यालाच मंत्रिपद देऊन आत बसवायचं. महाराष्ट्रातल्या मतदाराला हे तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. मिस्त्रीला मात्र तळवा पटेना. जिथे कुणाच्या बापाला दिसणार नाही तिथे एवढं लोखंड कशाला पुरायचं? त्यातून उभ्या सळया मातीच्या अंगाला बांधायच्या, हे तर त्याला अगदीच वेडगळ वाटलं. चांगली वस्तू दर्शनी बाजूला असावी, असं त्याचं मत. भिंत पुढे वाकू पाहते तेव्हा तिची पाठ ताणली जाते, आणि काँक्रीट दाब भरपूर सोसतं पण ताण सोसत नाही, हे समजावण्यासाठी पुतण्याने व्हिडिओ कॉलवर प्लास्टिकची पट्टी वाकवून दाखवली. नेमकी तेव्हाच रेंज गेली. पुतण्या पट्टीसकट पडद्यावर गोठला. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ आदराने बघत राहिला आणि मग कामगारांना म्हणाला, “घ्या रे मागं. साहेबांना लय त्रास होतोय.”

उंचीचा प्रश्न आत्तेने काढला. पाचाऐवजी सात फूट घाला, मागे भर टाका, वर चार केळी लागतील. पुतण्याने फोनवर गणित घातलं: मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंतीला उलथवणारा जोर घनाने. पाचाचे सात केले तर दाब जवळजवळ दुप्पट आणि उलथवणारा जोर पावणेतीन पट. आत्तेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं, मग सहा करा.” पापलेटचा भाव आणि भौतिकशास्त्र यांत आत्ते फरक करत नाही.

आमची जागा दोन बाजूंनी उतरती: दरडीकडून घराकडे, आणि घराच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतही. म्हणून पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचा आणि माथा मात्र एका रेषेत ठेवायचा. त्यासाठी मिस्त्रीने पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं मला दिलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, मग मध्ये दरड असो, पायरी असो की आत्ते असो. संपूर्ण कामात पाण्यावरून भांडण न झालेला हा एकमेव प्रसंग. पुढचं सगळं महाभारत पाण्यावरून झालं.

काँक्रीटचं प्रमाण सोपं असतं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. पन्नास किलोच्या गोणीला पाणी २५ ते ३० लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त तितकं काँक्रीट कमजोर, हे डफ एब्रम्स नावाच्या अमेरिकन माणसाने शिकागोत प्रयोग करकरून १९१८ मध्येच मांडून ठेवलं. आमच्या तालुक्यापर्यंत ते अजून पोहोचायचं आहे. आमच्याकडे मिक्सरपाशी एक पोरगा बादली घेऊन उभा असतो आणि त्याला आतून जसं वाटेल तसं तो ओततो.

“गुरुजी, जरा पाणी वाढवू? माल सरकत नाय.”

“नको.”

“थोडंसं?”

“नको म्हटलं ना.”

त्याचीही बाजू आहे. जाडसर माल फावड्याला जड, घमेल्याला जड, आणि सळयांच्या जाळीतून खाली उतरायला त्याहून जड. तो खाली बसवायचा तर व्हायब्रेटरची सुई थराथराला आत घालायची, आणि तो व्हायब्रेटर चालवणारा चिपळूणहून भाड्याने आणलेला इसम दर अर्ध्या तासाने तंबाखू मळायला जाणार. एक बादली पाणी जास्त घातलं की हे सगळं टळतं. माल डाळीसारखा आपल्या पायाने खाली जातो. मी पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसलो. बोर्डाच्या परीक्षेत सुपरव्हिजन केलेला माणूस मी, कॉपी कुठल्या क्षणी होते हे मला कळतं. चहाचा कप तोंडाला लावला की डोळे मिटतात, नेमक्या त्याच क्षणी.

सखल टोकाकडून भरायला सुरुवात झाली. घमेली हातोहात चालली होती. ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, आणि घट्ट होईपर्यंत ते वागतं पाण्यासारखं, म्हणजे चारी बाजूंना ढकलतं. पाच फुटी भिंतीच्या तळाशी हा जोर चौरस मीटरला साडेतीन टनांवर जातो. तो अडवायला असतात काळं ऑइल फासलेल्या प्लेटा, पिळलेली तार आणि निलगिरीचे टेकू. मधल्या एका प्लेटीने आधी करकर केली, मग ती सावकाश पुढे यायला लागली. “टेकू! टेकू लाव!” असा पुकारा झाला. घमेलीवाल्या बायका, व्हायब्रेटरवाला, बादलीवाला, मी, सगळे प्लेटीला खांदा लावून उभे. आत्ते ओट्यावरून म्हणाली, “तरी मी सांगत होते, सहाच करा.” टेकू लागला, प्लेट थांबली, पण पुढे आलेली काही मागे गेली नाही. भिंतीला तिथे आजही पोट आहे. मी ते मिस्त्रीला दाखवलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “चालायचंच, गुरुजी.”

रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर स्वतःचं नाव कोरून ठेवलं. आमच्या मिस्त्रीने ओल्या माथ्यावर खिळ्याने मोबाइल नंबर कोरला.

आणि मग नाटकाचा दुसरा अंक. मालात बादल्यांमागून बादल्या ओतायला निघालेले तेच हात, भिंत उभी राहिल्यावर तिला तांब्याभर पाणी घालेनात. “आता ऊन खाऊन घट्ट होऊ दे,” म्हणे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन होतं, आणि म्हणून किमान सात दिवस, जमल्यास चौदा, ते ओलं ठेवावं लागतं. पण महिना मे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. विहिरीचा तळ दिसत होता. मी भिंतीवर गोणपाटं टाकली आणि हंडा घेऊन निघालो, तेवढ्यात बायकोने वाट अडवली.

“एवढ्या पाण्यात तुमची अंघोळ होते.”

“भिंतीला तडे जातील.”

“मग भिंतीपाशीच करा अंघोळ.”

ती चिडून म्हणाली होती, पण व्यवहार चोख होता. मी रोज सकाळी पंचा नेसून गोणपाटांना टेकून उभा राहायचो आणि डोक्यावरून पाणी घ्यायचो. साबण लावायला पुतण्याने बंदी घातली होती. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकायची. दरडीला प्रसन्न करण्यासाठी गुरुजींनी नवस बोललाय, असं काही दिवस गावात बोललं जात होतं. एका वयस्कर बाईने तर भिंतीला लांबून हात जोडले.

राहता राहिली भोकं. भिंतीत तळाजवळ, दर चार-पाच फुटांवर, पीव्हीसी पाइपचे तुकडे आरपार ठेवले होते, आणि त्यांच्या मागे खडीचा थर. पावसाचं पाणी मागे साठून राहिलं तर भिंतीवरचा जोर दुपटीच्याही वर जातो. पायातून उलथलेल्या बहुतेक भिंती मातीने कमी आणि कोंडलेल्या पाण्याने जास्त पाडलेल्या असतात. जुन्या गडग्याला हे कळत होतं. त्याच्या फटीफटीतून पाणी निमूट निघून जायचं. गावाला मात्र नव्याकोऱ्या भिंतीची भोकं बघवेनात. आत्तेचं म्हणणं, साप राहायला येतील. बांधकामात माल शिरू नये म्हणून मिस्त्रीने त्यांत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या होत्या, त्या तशाच ठेवाव्यात असा त्याचा आग्रह. मी एकेक बोळा वाकून उपसला आणि आत्तेच्या समाधानासाठी तोंडांना जाळी ठोकली.

मृगाचा पाऊस झाला, मग आर्द्राचा लागला. दरड पाणी पिऊन टम्म झाली आणि एका सकाळी सगळ्या भोकांतून तांबडं पाणी धो धो बाहेर पडायला लागलं. पुतण्याला व्हिडिओ पाठवला, त्याने टाळ्या वाजवल्या. गाव मात्र एकेक करून हळहळायला येऊन गेलं. एवढा पैसा घातला आणि पहिल्याच पावसात गळती! मुंबईहून चुलतभावाचा फोन आला, फसवलं म्हणे तुम्हाला.

संध्याकाळी मिस्त्री रेनकोट घालून, चिखल तुडवत परसात हजर. काखेत एक जड पिशवी.

“काय आणलंस रे?”

“सिमेंट, गुरुजी. भोकं बुजवून देतो. मजुरी नको मला, पन गावभर बदनामी चाललीय, आणि वर नंबर माझा कोरलाय.”