पुण्य छापावे कसे?

नवशिक्यांसाठी पाच धडे

जुन्या काळी शेठजींना नाव हवे असेल तर धर्मशाळा बांधावी लागे, विहीर खणावी लागे, निदान वेशीवर पाणपोई तरी घालावी लागे. मग कुठे दर्शनी दगडावर नाव कोरले जाई. यात वेळ जाई, पैसा जाई आणि विहिरीला पाणी लागले नाही तर अब्रूही जाई. सुदैवाने शास्त्र पुढे गेले आहे. आता दगड आधी बसवतात, विहिरीचे मागाहून बघतात. तुमची कंपनी असो, नाहीतर यंदा प्रभागातून उभे राहायचा विचार असो, पुढचे धडे गिरवा.

धडा पहिला : कार्य निवडा

ज्याला कोणी ‘नको’ म्हणणार नाही, असेच कार्य घ्यावे. झाडे, पाणी, मुलींचे शिक्षण, सीमेवरचा जवान. कंत्राटी कामगारांचे किमान वेतन हेही कार्य चांगलेच आहे, पण ते मागायला माणसे थेट तुमच्याच गेटवर येतात. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे लाजणे. नदीत सांडपाणी सोडणारा कारखानदार ओशाळून वाचनालयाला पुस्तके देतो. मुरलेला गडी नदीच दत्तक घेतो. घाटावर फलक लावतो, शाळकरी पोरांना टोप्या वाटून फेरी काढतो. पुढे नदीबद्दल काही विचारायचे झाले की वार्ताहर त्यालाच फोन करतात.

धडा दुसरा : सक्तीला दातृत्व म्हणा

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी गाठले तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. हे वाचून कपाळाला हात लावू नका. जाहिरातीत लिहा : ‘आम्ही समाजाचे देणे लागतो.’ वाक्य शंभर टक्के खरे आहे. लागताच. कलम १३५ प्रमाणे.

पक्षनिधी मात्र या २ टक्क्यांत धरत नाहीत. त्यासाठी २०१८ पासून निवडणूक रोखे होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले आणि देणाऱ्यांची नावे उघड करायला लावली. तोवरचा शिष्टाचार पाठ करण्याजोगा आहे : शाळेला बाके द्यायची ती फोटोसकट, पक्षाला पैसे द्यायचे ते नावाशिवाय.

धडा तिसरा : वाटणी जमवा

कच्चा माणूस सगळा पैसा कामावरच घालवून बसतो. त्याने ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चा हिशेब अभ्यासावा. तो मांडला संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने, डिसेंबर २०२१ मध्ये. अध्यक्ष होत्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम नुसत्या प्रचार-प्रसारावर गेली होती. एवढी मजल पहिल्याच वर्षी मारता येत नाही. तुम्ही निम्म्या-निम्म्याने सुरुवात करा. मुलगी शिकली की नाही हे कळायला दहा वर्षे लागतात. फलक लागला की नाही हे सकाळी नऊलाच कळते.

धडा चौथा : शब्द पारखून घ्या

किलो, लिटर, रुपये असे मोजमापाचे शब्द वर्ज्य. ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ हे शब्द बरीच वर्षे कामाला आले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांना पुरावा मागितला. ‘आम्ही उद्या हरित होणार’ म्हणायचे तरी आराखडा दाखवा, असा नियम आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा हिरव्याचा नाद सोडा. ‘विश्वास’, ‘नाते’, ‘आपुलकी’ यांकडे वळा. आपुलकीचा पुरावा अजून कोणी मागितलेला नाही.

तेवढ्याने भागले नाही तर नाव बदला. १९७५ पासून गोरेपणाचे आमिष दाखवणारी ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये, वर्णभेदाविरुद्ध जगभर आवाज उठल्यावर, ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. गोरेपणा निदान आरशात बघता येत होता. ‘ग्लो’ कोण मोजणार?

धडा पाचवा : चेहरा द्या

जून उजाडला की वह्या वाटाव्यात. आतली पाने पातळ चालतील, मुखपृष्ठावरचा चेहरा गुळगुळीत हवा. सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये म्हटले होते. मुख्यमंत्र्यांशिवाय जनतेचे कसे व्हायचे, ही चिंता राज्यांना सोसवेना. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचीही सोय झाली. तुमची वही खासगी, तिला ही अट नव्हतीच. ‘भावी नगरसेवक’ असे बिनधास्त छापा. दिवाळीपर्यंत पोरे त्या चेहऱ्याला मिशा आणि शिंगे काढतील, तिकडे दुर्लक्ष करावे. त्यांना अजून मत नाही.

खबरदारी

एक पथ्य मात्र कडक पाळा. २००४ च्या निवडणुकीआधी तेव्हाच्या केंद्र सरकारची ‘इंडिया शायनिंग’ची मोहीम निघाली. देखणी होती, खर्चिक होती, आणि पाठोपाठ निवडणुकीत सत्ता गेली. चकाकी आली आहे का, हे बघायला मतदाराला फक्त उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे होते. म्हणून लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल, अशा गोष्टीची जाहिरात कधीही करू नये. पाचही धड्यांचे सार एवढेच.

आता हा कागद चुकून एखाद्या गिऱ्हाइकाच्या हाती लागला असेल, तर दोन शब्द त्यालाही. त्या २ टक्क्यांचे काय केले आणि कामावर किती रुपये घातले, हे कंपनीला वार्षिक अहवालात छापावे लागते. ती पाने उघडा. त्यांची जाहिरात कोणी करत नाही.