डाव्या हाताला एंजल, उजव्या हाताला पॉइझन

मोगऱ्याचं अत्तर लावलं तर लोक विचारतात, गजरा माळलाय का? फळांच्या नि साखरेच्या दणदणीत सेंटचं तसं नाही. तिथे लोक डबा शोधतात.

मला एकच बाटली घ्यायची होती आणि उमेदवार दोन. डिओरचं 'पॉइझन' १९८५ चं: आलूबुखार, रानबेरी, मध आणि मधोमध निशिगंध, तोही मंगल कार्यालयात दाराशी गाठतो तेवढा. त्यात धणेही आहेत. नाकाला सापडत नाहीत, पण घटकांची यादी वाचल्यापासून मला उगाच आमटी आठवते. मुग्लरचं 'एंजल' १९९२ चं. ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टोल सढळ हाताने घातलं. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास येतो ना, तो याचाच. वर चॉकलेट, कॅरमेल, आणि हा सगळा गोडवा उतू जाऊ नये म्हणून तळाला भरपूर पॅचुली, म्हणजे वेणीत मरव्याबरोबर बसते त्या आपल्या पाचेच्या घराण्यातली.

दुकानातल्या मुलीने दोन मनगटांवर दोन फवारे मारले. कागदाच्या पट्टीवर माझा विश्वास नाही. पट्टीला घाम येत नाही. घामाची सोय दादरला होती. संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये डाव्या हाताने कडी धरली, तशी खाली बसलेल्या काकू मटार सोलायच्या थांबल्या.

"कोणी काही गोड आणलंय का गं?"

एंजलला एक मत. घाटकोपरला हात बदलला.

"लग्नाहून आलात वाटतं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं आणि खिडकी होती त्याहून जास्त उघडली. हे मत मी बाद धरलं.

ठाण्यापर्यंत मला स्वतःला दोन्ही वास येईनासे झाले. नाक सरावतं. म्हणूनच सेंटवाली माणसं 'आज लावलाच नाही की काय' म्हणून आणखी दोन फवारे मारतात आणि लिफ्टमधले बिचारे श्वास रोखून मजले मोजतात.

घरी नवऱ्याने दोन्ही हात हुंगून "सारखेच आहेत" म्हणून नोटा दाबला. सासूबाईंनी मात्र चष्मा काढला (वास घ्यायला चष्मा का काढतात, कोण जाणे), डावा हात नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "पाच आहे यात. आमच्या परसात होती." यादी वाचावी लागली ती मला! मग उजवा हात. "हा बरा आहे. नाव काय गं याचं?"

सांगितलं.

"डावाच घे," त्या म्हणाल्या.

एंजल आणलं. रोज एकच फवारा मारते. दुसऱ्यासाठी बाटली उचलली की स्वयंपाकघरातून हाक येते, "अगं, येतोय, येतोय!"