फायनल खरं

पुतण्याचं धर्मापुरीत रेडियमचं दुकान आहे. ट्रॅक्टरवर देवाचं नाव, जीपच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, दारावरच्या पाट्या, असा सगळा चिकट व्यवहार. पूर्वी नंबरप्लेटवरच दुकान चालायचं. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करून मागणारी पोरं रांगेनं उभी असायची. मग १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली, पुढे जुन्यांनाही आली, आणि गावातले सगळे दादा मुकाट्याने पुन्हा आकडे झाले.

आता खरा हंगाम दसऱ्याच्या आसपास. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी ट्रॉल्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लागतात: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. नेमके त्याच वेळी पुतण्याचे सासरे आजारी पडले आणि दुकान कोण बघणार असा प्रश्न उभा राहिला. तो मला कुणी विचारला नव्हता. तरी उत्तर मीच दिलं. जन्मभर भूमिती शिकवली, फळ्यावर हाताने गोल वर्तुळं काढली, तेव्हा रेडियमवर पातं फिरवणारं यंत्र मला जड जाणार नाही, असं माझं मत होतं. (मुख्याध्यापकही मी चांगला झालो असतो, असंही माझं मत होतं, पण ते पद सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्या एक नंबर अलीकडे येऊन थांबलं आणि मी सहशिक्षक म्हणूनच नारळ घेतला.)

“काका,” पुतण्या निघताना म्हणाला, “प्रत्येक मालाचं सेटिंग सेव्ह करून ठेवलंय. मालाचं नाव बघायचं, त्याच नावाचं सेटिंग घ्यायचं, कोपऱ्यात एक चौकोन टेस्ट कापायचा आणि मग कट. डोकं लावायचं नाही.”

शेवटची अट माझ्या आवाक्यातली होती. तीच मी मोडली.

त्याचं असं की साध्या व्हिनायलला ४५ अंशांचं पातं आणि ८०-१०० ग्रॅम दाब पुरतो; चमकणारं रेडियम जाड, त्याला ६० अंशांचं पातं, जास्त दाब आणि कमी वेग. कापायचा फक्त वरचा थर, खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. शिवाय पात्याचं टोक मधोमध नसतं, साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं, ते संगणकाला सांगितलं नाही तर चौकोनाचे कोपरे गोलावतात. हे सगळं पुतण्याने एकेका नावाखाली बांधून ठेवलं होतं. पण आयतं घेणं शिक्षकी पेशाला शोभत नाही, म्हणून मी दाब थोडा वाढवला, वेग थोडा कमी केला, काय होतंय ते बघितलं आणि प्रत्येक वेळी नव्या नावाने सेव्ह केलं. पहिलं ‘नवीन’. मग ‘नवीन २’, ‘बरोबर’, ‘बरोबर जास्त’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ आणि ‘हे नको’. नाव देताना प्रत्येकाचा अर्थ डोक्यात लख्ख असायचा. जेवून डुलकी काढून आलो की सातही नावं माझ्याकडे अनोळखी पाव्हण्यांसारखी बघायची.

त्यातलं ‘फायनल’ मी एका काळीपिवळीसाठी बांधलं होतं. ‘धर्मापुरी–अंबाजोगाई’ काचेला आतून चिकटवायचं होतं, म्हणून मिरर चालू केलं, आणि मालकाच्या सहा जीपा म्हणून प्रती सहा. काम झकास झालं. एका जीपवर सोलताना अनुस्वार कागदाबरोबर निघून गेला आणि ती गाडी अजूनही ‘अबाजोगाई’ला जाते, पण प्रवाशांची तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाले आले. ‘केदारेश्वर प्रसन्न’, पिवळ्या चमकत्या रेडियममध्ये, मोठ्या अक्षरांत. मी चहा मागवला, ऐटीत ‘फायनल’ निवडलं, टेस्टचा चौकोन हा नवशिक्यांसाठी असतो अशी स्वतःची समजूत घातली, कट दाबलं आणि त्यांना सध्याची मुलं भूमितीत कच्ची का, हे समजावून सांगू लागलो. माझं पायथागोरसपर्यंत आलं, यंत्राचं चौथ्या प्रतीपर्यंत आलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की एकाच ट्रॅक्टरसाठी सहा केदारेश्वर निघतायत. धावपळीत बंदचं बटण सोडून रोल पुढे ढकलायचं बटण दाबलं गेलं. उरलेलं रेडियम फरशीवर येऊन पसरलं.

निदान एक प्रत तरी सोलावी म्हणून चिमटा घेतला. देवनागरीत शेजारशेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात. ती आधी वेल्ड करून एकजीव केली नाहीत तर पातं प्रत्येक सांध्यात उभा छेद देतं. मी वेल्ड केलं नव्हतं. ‘के’ उचलला तर मात्रा माझ्या अंगठ्याला चिकटली, ‘दा’चा काना बाहीला, आणि ‘श्व’ मधला ‘व’ मी चष्मा सावरला तेव्हा कपाळावर गेला असावा, कारण ट्रॅक्टरवाले माझ्या कपाळाकडे बघून हात जोडायच्या बेतात होते. जे कागदावर उरलं तेही उजवीकडून डावीकडे.

“गुरुजी, हे मोडीत हाय का?”

मास्तराला गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, “रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरं उलटी असतात की नाही? पुढच्या ड्रायव्हरला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. तीच पद्धत.”

त्यांनी शांतपणे चहा संपवला. “पर गुरुजी, कारखान्याच्या रस्त्याला माझ्या ट्रॅक्टरपुढं बैलगाड्या असतेत. बैलाला आरसा कुठं बसवायचा?”

संध्याकाळी केदारेश्वरालाच जाऊन आलो. चालुक्यांच्या काळातलं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर एकेक सुरसुंदरी. त्या कोरणाऱ्यांनी दाब किती ग्रॅम ठेवला होता याची कुठेही नोंद नाही, अनडू नाही, आणि इतक्या बायकांत एकही उलटी नाही. मला तर त्यांचा रागच आला.

पुतण्या परत आला तोवर मी रेडियमच्या चिंध्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या, फरशी पुसली होती आणि “माल जरा कमीच पाठवतात हल्ली” हे वाक्यही घोकून ठेवलं होतं. त्याने रिकाम्या रोलकडे बघितलंही नाही. सरळ संगणकावर हिस्टरी उघडली. तिथे काम कुठलं, सेटिंग कुठलं, सुरू कधी झालं, मध्येच बंद कुणी केलं, माल किती गेला, सगळं मिनिटाबरहुकूम मांडलेलं होतं. माझा डबा घेऊन ही आली होती. तिनेही चष्मा लावला. चाळीस वर्षं माझ्या थापा पुराव्याअभावी सुटत आल्या होत्या.

“काका, ‘फायनल खरं’ म्हणजे काय?”

“ते... तसं फायनल नाही.”

तो एकेक ओळ खाली जात होता. लाल, लाल, लाल. म्हणजे बंद पाडलेली कामं. मग तळाशी एक हिरवी. पहिल्याच फटक्यात पूर्ण, वेल्ड केलेलं, टेस्टचा चौकोनसुद्धा कापलेला. सेटिंग ‘हे नको’. पुतण्याला माझं कौतुक वाटलं असावं, कारण त्याने मी नको नको म्हणत असताना ते काम उघडलं. पडद्यावर माझं नाव आलं, सोनेरी अक्षरांत, आणि त्याच्याखाली ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’.

“मुख्याध्यापक?” पुतण्या म्हणाला. “काका, तुम्ही मुख्याध्यापक कधी झालात?”

मी डब्याचं झाकण उघडू लागलो. हिने पडद्यावरून बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं, “मंगळवारी. दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी.”